४०७ च्या स्टेअरिंग कॉलमचं काम : नोंदी

४ मे २०२३

गुळाचा हंगाम आटोपला, गुऱ्हाळं थंड झाली, म्हणून गाडी आता दारात उभी करता येतेय. जूनमध्ये पासिंग आहे. गाडी १९९६ ची टाटा ४०७, हलका ट्रक. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो, त्यामुळे हे काम टाळण्यासारखं नाहीच. पासिंग नसतं तरी मी ते या महिन्यात काढलंच असतं. ही गाडी आबा फोंडा घाटातून खाली कोकणात नेतात आणि येताना जांभ्याचे चिरे भरून वर आणतात. भरल्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं असणं मला सहन होत नाही.

आबांच्या तक्रारी दोन. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सारखं सावरत राहावं लागतं. आणि घाटात वळण घेताना ते मध्येच जड लागतं, मध्येच हलकं. अड्ड्यावर ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारा गिअरचा डबा) गेला, बॉक्स बदला. न बघता सांगितलेल्या निदानावर मी गाडी खोलत नाही. आधी मोजमाप.

पुढची चाकं सरळ, गाडीचं वजन जमिनीवर, इंजिन बंद. डॅशबोर्डवर जाड तार वाकवून काटा केला आणि स्टेअरिंगच्या कडेवर पांढरी चिकटपट्टी लावली. थोरला चुलतभाऊ खाली पुढच्या चाकाला हात लावून बसला. मी हलक्या हातानं डावीकडे फिरवत गेलो. तो "हललं" म्हणाला तिथे पेन्सिलीची खूण. तसंच उजवीकडे. दोन खुणांमधलं अंतर कडेवर १३४ मिलिमीटर. स्टेअरिंगचा व्यास ४२० मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला साधारण ३.६७ मिलिमीटर. प्ले, म्हणजे चाक हलण्याआधी स्टेअरिंग मोकळंच फिरतं तेवढा भाग, आला साडेछत्तीस अंश.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नसावा, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि जिथे बोल्ट किंवा पिन आहे तिथे ती नीट लॉक केलेली असावी. आमच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे ११० मिलिमीटर. आम्ही त्याच्या बाहेर. तसं बघितलं तर ३० अंश ही सुद्धा शेवटची हद्द आहे, ती गाठेपर्यंत वाट बघू नये.

५ मे

प्ले कुठे आहे ते शोधलं. याला हत्यार लागत नाही, दोन माणसं लागतात. एक जण केबिनमध्ये बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवतो, दुसरा खाली टॉर्च घेऊन एकेक जोड बघतो. वरून खाली क्रमानं जायचं. कॉलमचा शाफ्ट, वरचा क्रॉस (दोन शाफ्ट कोनात जोडून फिरवणारा सांधा), मधला शाफ्ट, खालचा क्रॉस, स्टेअरिंग बॉक्सचा शाफ्ट, बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, आणि पुढे चाकांपर्यंतचे दांडे-सांधे, म्हणजे ड्रॅग लिंक, टाय रॉड, किंगपिन. जोडाच्या अलीकडचा भाग हलला आणि पलीकडचा थांबून मग हलला, तर प्ले तिथे. दोन्हीकडच्या भागांवर एकदम बोट ठेवलं की डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं.

खालच्या क्रॉसला ते कळलं. क्रॉसचा खालचा योक (शाफ्टला धरणारा दोन कानांचा तुकडा) ज्या दातेरी शाफ्टवर बसतो, तो बॉक्सचा शाफ्ट. योक फिरतोय आणि शाफ्ट जागेवर आहे, मग 'टक्' होऊन शाफ्ट हलतोय. योकच्या तोंडाशी लाल भुकटी साचलेली. पावसानं आलेला गंज असा दिसत नाही, तो पापुद्र्यानं येतो. ही भुकटी पिठासारखी बारीक होती, बोटाला ग्रीससकट चिकटली. दात एकमेकांवर अगदी केसभर घासत राहिले की लोखंडाचे कण निघतात आणि लगेच गंजतात, त्याची ही भुकटी. दातेरी जोडाच्या तोंडाशी ती दिसली की तिथे ढिलाई आहे असंच समजायचं.

आता बोल्ट. योकच्या चिरेवर आडवा बोल्ट असतो, तो आवळला की योक शाफ्टला घट्ट धरतो. शाफ्टवर त्या ठिकाणी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो, म्हणजे तो सैल झाला तरी योक वर निसटत नाही. भोक १० मिलिमीटर बोल्टचं. आत निघाला ८ चा, दोन्ही बाजूंना वॉशर घालून बसवलेला. डोक्यावर ग्रेडचा आकडा नाही, नट साधा. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजमध्ये हाताला आला तो बोल्ट लावला गेलाय. ८ च्या बोल्टचं आट्यांतलं क्षेत्र १० च्या दोन तृतीयांशाच्याही खाली, म्हणजे आवळून धरायची ताकदही तितकीच कमी, आणि तो खाचेतही नीट बसत नाही. सगळ्या प्लेचं मूळ इथे आहे असा माझा अंदाज.

वर डॅशबोर्डखाली दुसरी गोष्ट सापडली. कॉलमची नळी ज्या ब्रॅकेटनं धरली आहे त्याला बोल्टच्या भोकापासून तडा गेलाय. स्टेअरिंग धरून वर-खाली ओढलं की तडा उघडतो, मिटतो. कॉलमच्या वरच्या तोंडाचा बुशही (शाफ्टला आधार देणारी कडी) खलास, शाफ्ट आत खडखडतो.

ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, किंगपिन यांना सांगण्यासारखा प्ले नाही. ड्रॅग लिंकच्या मागच्या टोकाची रबरी टोपी फाटलीय, ती यादीत घेतली.

७ मे

खोलाखोल. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढली, कारण हॉर्नची वायर स्टेअरिंगमधून जाते.

काढण्याआधी खुणा. चाकं सरळ ठेवून स्टेअरिंगच्या बॉसवर आणि शाफ्टच्या टोकावर पंचनं एकेक ठिपका. क्रॉसच्या दोन्ही टोकांना, शाफ्टला आणि योकला मिळून पिवळ्या रंगाची रेघ. या शाफ्टवर ३६ दाते आहेत. एक दाता चुकला की स्टेअरिंग १० अंश तिरकं बसतं.

स्टेअरिंगचा मोठा नट सैल केला, पण दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवला आणि मग पुलर लावला. नट ठेवायचा तो छातीसाठी. घट्ट बसलेलं स्टेअरिंग सुटताना एकदम उसळतं. शाफ्टच्या टोकावर जुने घाव होते, म्हणजे कुणीतरी हातोड्यानं ठोकून काढलंय. त्यानं टोक पसरतं, आटे दबतात आणि धक्का थेट खालच्या बेअरिंगवर जातो. पुलर भाड्यानंही मिळतो, तरी माणसं हातोडा का उचलतात कळत नाही.

कॉलम बाहेर आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हा कॉलम या गाडीचा मूळचा नाही. ब्रॅकेटची भोकं लांबवलेली आहेत आणि मधला शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकमेकांत सरकणारा आहे. आधीच्या मालकानं दुसऱ्या गाडीचा बसवून घेतला असणार. आबांनी गाडी सेकंडहॅंड घेतली तेव्हा हे कुणी बघितलं नव्हतं. आता पार्ट घेताना "४०७ चा द्या" म्हणून भागणार नाही, मोजून घ्यावा लागेल.

८ मे

उद्यमनगरात तात्यांकडे सगळं घेऊन गेलो. तात्या चाळीस वर्षं वेल्डिंग करतात, त्यांचा हात मी लहानपणापासून बघत आलोय. योक हातात घेऊन ते म्हणाले, "भावा, चार टाके मारतो शाफ्टला. जन्मात हलायचं न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, ब्रॅकेट तुम्हीच करायचं, पण योकला टाका नको."

स्टेअरिंगच्या कामात माझा एक हिशेब पक्का आहे. जो भाग फक्त धरून ठेवतो तो दुरुस्त करावा. जो भाग फिरवण्याचा जोर पुढे नेतो तो बदलावा. ब्रॅकेट साध्या पत्र्याचं आहे. त्यावर वेल्डिंग चालतं आणि ते तुटलं तरी कॉलम लोंबकळेल, पण वळता येईल. योक आणि शाफ्ट मात्र घडीव, उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचे. त्यावर आर्क लागला की टाक्याशेजारची पट्टी तापून झपकन थंड होते आणि ठिसूळ बनते. ती वाकून इशारा देत नाही, एक दिवस सरळ मोडते. मोडली की स्टेअरिंग हातात फिरतं आणि चाकं आपल्या मर्जीनं जातात. शिवाय गाडीवरच टाका मारला तर वेल्डिंगचा करंट बॉक्समधल्या गोळ्यांतून वाट काढू शकतो. या बॉक्समध्ये स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांची माळ फिरते, त्या गोळ्यांवर ठिणगीचे खड्डे पडले की चांगला बॉक्सही वाया.

तात्यांना हे पटलं नाही, "मी शंभर गाड्यांना केलंय" म्हणाले. मग शेजारच्या फाउंड्रीच्या तपासणी खोलीत डाय पेनेट्रंट, म्हणजे रंगानं बारीक तडे शोधायची तपासणी, करून घेतली. योक रॉकेलनं धुतला, तारेच्या ब्रशनं घासला, पुसून कोरडा केला. त्यावर लाल रंगाचा फवारा. दहा मिनिटं थांबलो. रंग फडक्यानं पुसला, फडक्यावर लाल उरणार नाही इतका. मग पांढऱ्या पावडरीचा फवारा. पावडर वाळत गेली आणि योकच्या चिरेच्या तळाशी, जिथे चीर संपते त्या गोलाईत, लाल रेघ हळूहळू उमटली. नखाएवढी लांब. नुसत्या डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तात्यांनी योक उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्यो भंगारात टाक. कुणाला देऊ नगंस."

बॉक्सच्या शाफ्टचं टोक गाडीवरच होतं. संध्याकाळी उरलेली पेनेट्रंटची बाटली आणून त्याचीही तपासणी केली, कारण सगळं काम त्या टोकावर अवलंबून आहे. तिथे तडा निघाला असता तर बॉक्स खोलणं भागच होतं. रेघ उठली नाही. दात्यांच्या कडा थोड्या चकाकलेल्या, पण आकार शाबूत. झीज योकच्या दात्यांनी सोसलीय.

१० मे

पार्टची शोधाशोध. १९८० च्या दशकात डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, ऑलविन-निस्सान अशा जपानी भागीदारीतल्या हलक्या गाड्या बाजारात येत होत्या. त्यांच्यापुढे टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) १९८६ साली स्वतःची ४०७ उतरवली आणि ती इतकी खपली की आजही तालुक्याच्या दुकानात तिचा जवळपास प्रत्येक पार्ट मिळतो. आमचा कॉलम मूळचा नसल्यानं तो फायदा अर्धाच झाला.

पहिल्या दुकानातला क्रॉस दिसायला तंतोतंत तोच. भोकाचा व्यासही जुळत होता. दाते मोजले तर वेगळे. दुकानदार म्हणाला, थोडा ठोकला की बसतो. बसेलही. पण दाते दात्यांना कापत बसतील आणि शाबूत राहिलेला शाफ्टच त्यात जाईल. परत ठेवला.

जुन्या बाजारात वापरलेलाही मिळत होता. घेतला नाही. ज्या गाडीचा तो आहे ती कशी पडली, योकला कुठे मार बसला, हे विचारायला कुणी नसतं.

शेवटी दाते, व्यास, योकची खोली आणि बोल्टच्या खाचेचं अंतर, चारही मापं लिहिलेला कागद एका दुकानात ठेवून आलो. त्यांनी दुपारी फोन केला. नवा क्रॉस, दोन्ही योकसकट जोडलेला. दुकानातच कॅलिपर लावून मापं घेतली, घरी येऊन हातानं शाफ्टवर सरकवून बघितला. न आवळताही डुगडुग नाही. बोल्ट घेतले १० मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेले, आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे. नायलॉक नट एकदा काढला की परत लावायचा नाही, म्हणून जास्तीचे घेऊन ठेवले.

११ मे

ब्रॅकेट तात्यांनी केलं आणि फार सुंदर केलं. तड्याच्या टोकाला आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, नाहीतर वेल्डिंगच्या पुढे तडा सरकत राहतो. तडा ग्राइंडरनं व्ही आकारात उघडला, अडीच मिलिमीटरच्या ६०१३ वेल्डिंग रॉडनं ७५ अँपिअरच्या आसपास भरला, मध्ये मध्ये थांबून गार होऊ दिला. मागून तीन मिलिमीटर पत्र्याची पट्टी. पट्टीची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती कापली, म्हणजे जोर एका रेषेत येऊन तिथेच नवा तडा पडत नाही. लांबवलेली भोकं भरून मापात पुन्हा पाडली.

१२ मे

वरचा बुश. हे माझ्या रोजच्या धंद्यातलं काम. मालकांची परवानगी घेऊन सुट्टीनंतर लेथवर बसलो.

जुना बुश नायलॉनचा होता. मी डेल्रिन हे कडक प्लास्टिक वापरलं. नायलॉन हवेतला दमटपणा ओढून फुगतं आणि ही गाडी जून ते सप्टेंबर कोकणात असते. डेल्रिन जवळजवळ फुगत नाही, लेथवर साफ निघतं आणि शाफ्टला खात नाही. बाहेरचं माप नळीपेक्षा एका दहांश मिलिमीटरनं जास्त ठेवलं, म्हणजे दाबून बसेल. दाबल्यावर आतलं भोक आवळतं, म्हणून आतलं माप आधी पूर्ण न काढता बुश नळीत बसवून मग रीमरनं अंतिम केलं. शाफ्टला ०.१५ मिलिमीटर मोकळीक. शाफ्टवर बुशच्या जागी झिजलेली पट्टी होती, ती बारीक पॉलिश पेपरनं फक्त गुळगुळीत केली. आत पातळ ग्रीस.

हा बुश गेल्यामुळेच कॉलम हलत होता आणि त्या हलण्यानंच ब्रॅकेटला तडा गेला. नुसतं ब्रॅकेट वेल्ड करून दिलं असतं तर वर्षाच्या आत पुन्हा तडा दिसला असता.

१४ मे

जोडणी. आबांची दुसरी तक्रार, मध्येच जड आणि मध्येच हलकं, आज उलगडली.

क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा एकसारखा वेग पुढे देत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा जलद फिरतो आणि दोनदा सावकाश. कोन २५ अंश असेल तर हा फरक साधारण ०.९१ ते १.१० पट. म्हणून दोन क्रॉस लावतात, म्हणजे पहिल्यानं केलेला कमी-जास्तपणा दुसरा पुसून टाकतो. मात्र त्यासाठी मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका सपाटीत असावे लागतात. ते एकमेकांना काटकोनात बसले तर फरक पुसला जायच्या ऐवजी गुणला जातो, ०.८२ ते १.२२ पट होतो. हाताला तेच जड आणि हलकं लागतं.

आमचा मधला शाफ्ट दोन तुकड्यांचा. टेबलावर आडवा ठेवून दोन्ही योकचे कान बघितले तर ते जवळपास काटकोनात. कॉलम बदलताना ज्यानं तुकडे एकमेकांत घातले त्यानं हे बघितलेलं नाही. म्हणजे आबा इतकी वर्षं हे सोसत घाट चढत होते, आणि अड्ड्यावर सगळे त्याला बॉक्सचा दोष म्हणत होते. तुकडे वेगळे केले, कान एका सपाटीत आणले, सपाट पट्टी लावून तपासलं आणि नवी रेघ मारली. ७ तारखेच्या पिवळ्या रेघा इथे उपयोगाच्या नव्हत्या, कारण त्या चुकीच्या जोडणीवरच मारलेल्या होत्या. बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, निम्म्यावर आणला, चाकं सरळ असल्याची खात्री केली आणि त्यावर स्टेअरिंग दांडा आडवा येईल असं बसवलं.

बोल्ट खाचेतून गेला, हातानंच गेला. टॉर्क पान्ह्यानं ४८ न्यूटन-मीटर. नटावरून योकवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

१५ मे

मोजमाप पुन्हा, त्याच तारेनं, त्याच पट्टीवर. कडेवर २९ मिलिमीटर, म्हणजे आठ अंशांच्या आत. बॉक्सच्या वरचा ॲडजस्टिंग स्क्रू मी हलवला नाही. प्ले दिसला की तो स्क्रू पिळायची पद्धत सगळीकडे आहे. पण बॉक्समधले दाते सरळ जाण्याच्या जागी जास्त झिजतात, वळणाच्या टोकाला कमी. मधला प्ले संपेपर्यंत स्क्रू पिळला की टोकाला दाते अडकतात आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत येत नाही. राहिलेले आठ अंश या गाडीच्या वयाला योग्य आहेत.

गावाभोवती रिकामी चालवली. आबांनी शेतवाडीच्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण मारलं, परत सोडलं, पुन्हा मारलं. "आता कसं एकसारखं येतंय," एवढंच म्हणाले आणि पुढच्या वळणाला पुन्हा मारून बघितलं.

२१ मे

राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटातून खाली आणि चिरे भरून वर. मी शेजारी बसलो होतो, हात डॅशबोर्डखाली ब्रॅकेटवर. उतरताना रिकाम्या गाडीत थरथर जास्त येते, तीही ब्रॅकेटपर्यंत पोचली नाही. वर आल्यावर गाडी उभी करून बोल्ट बघितला. रेघ अखंड. योकच्या तोंडाशी भुकटी नाही.

१७ जून

पासिंग झालं. आदल्या दिवशी ड्रॅग लिंकच्या टोकाला नवी रबरी टोपी बसवली. आतलं जुनं ग्रीस मातीनं काळं झालेलं, ते काढून नवं भरलं, सांध्यातल्या चेंडूवर खड्डे नव्हते. पांढरी रेघ अजून जुळलेली आहे. किंगपिनला ग्रीस मारताना डाव्या बाजूच्या खालच्या निपलमधून ग्रीस शिरत नव्हतं, निपल बदलायला हवं. पावसात गाडी कोकणात अडकण्याआधी ते करून घेणार.